तीर्थ नाकारणाऱ्या परंपरेची तीर्थे

शीख धर्मात तीर्थयात्रेला आणि तीर्थस्नानाला स्थान आहे का, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. गुरू नानकांची वाणी वाचली तर उत्तर नकाराकडे झुकते. अमृतसरला पहाटेच्या थंडीत सरोवराच्या पायऱ्या उतरणारी माणसे पाहिली तर ते होकाराकडे झुकते. जगभरच्या गुरुद्वारांत रोज होणाऱ्या अरदासीत, म्हणजे प्रार्थनेत, अमृतसरचे दर्शन आणि स्नान घडावे असे मागणे आहे, आणि ज्या ग्रंथासमोर ही अरदास होते त्याच ग्रंथात पाण्याने पाप धुतले जात नाही असे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे समजून घेण्याची गरज केवळ शीखांना आहे असे नाही. कर्मकांडाविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रत्येक परंपरेला काही पिढ्यांनी याच वळणावर यावे लागते. महाराष्ट्रातली संतपरंपराही त्याला अपवाद नाही. या वळणावर जो धोका आहे तो वेळीच ओळखला नाही, तर सुधारणा ग्रंथात शिल्लक राहते आणि व्यवहारातून निघून जाते.

आधी मूळ विचार पाहू. नानकांच्या जन्मसाखींमध्ये हरिद्वारची एक कथा येते. गंगेत उभे राहून लोक पूर्वेकडे, पितरांसाठी, ओंजळीने पाणी सोडत होते. नानकांनी पश्चिमेकडे पाणी उडवायला सुरुवात केली. लोकांनी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, पंजाबातल्या माझ्या शेताला पाणी देतो आहे. इतक्या लांब ते कसे पोहोचेल, असे विचारल्यावर त्यांनी उलट प्रश्न केला: तुमचे पाणी परलोकात पोहोचते, तर माझे याच पृथ्वीवरच्या शेतात का पोहोचू नये? जन्मसाखी ही श्रद्धेने लिहिलेली चरित्रे आहेत, त्यांतला प्रत्येक प्रसंग इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. पण नानकांच्या स्वतःच्या रचनांमधला विचार याच दिशेचा आहे. जपुजीत ते म्हणतात की ईश्वराला रुचणार असेल तर तीर्थात स्नान करावे, त्याला रुचत नसेल तर त्या स्नानाने काय साधणार? ‘आसा दी वार’मध्ये त्यांनी शरीर धुऊन बसलेल्याला शुद्ध मानायला नकार दिला आहे, ज्याच्या अंतःकरणात ईश्वर वसतो तो शुद्ध, असे त्यांचे सांगणे. त्या काळी अडुसष्ट तीर्थांची कल्पना सर्वत्र रूढ होती. नानकांनी ही सगळी तीर्थे नामात आणि मनाच्या आत आणून ठेवली.

गुरू ग्रंथसाहिबात हा विचार नानकांचा एकट्याचा नाही. पाण्यात बुडी मारून मोक्ष मिळत असेल तर बेडकांना तो केव्हाच मिळाला असता, हा कबीरांचा युक्तिवाद तिथे आहे. आणि मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावे असे एक पद नामदेवांचे आहे. ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या रामकली रागातल्या एका पदात काशीचे तप, गंगा, गोदावरी, कुंभ, केदार आणि सहस्र गायींचे दान हे सारे एका बाजूला ठेवून नामदेवांनी सांगितले आहे की नामाची सर यांतल्या कशालाही येत नाही. महाराष्ट्रातल्या संताने गोदावरीच्या स्नानाबद्दल दिलेला हा निर्वाळा पंजाबात धर्मग्रंथाचा भाग झाला. पुढे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी याच गोदावरीच्या काठी, नांदेडला, देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथालाच गुरुपद दिले.

या विचाराचा अर्थ पाण्याशी वैर असा मात्र होत नाही. पहाटे उठावे, स्नान करावे, मग नामस्मरण करावे, हा शीखांच्या दिनचर्येचा पाया आहे. नाम, दान आणि स्नान हे तीन शब्द गुरबाणीत एकत्र येतात. स्वच्छ राहण्याला गुरूंचा विरोध नव्हता. त्यांचा विरोध चार दाव्यांना होता. विशिष्ट जागेच्या पाण्याने पाप जाते, हा पहिला. विशिष्ट मुहूर्तावर ते अधिक जाते, हा दुसरा. ते जाण्यासाठी मध्यस्थ लागतो आणि त्याला दक्षिणा द्यावी लागते, हा तिसरा. आणि त्या पाण्यात कोणी उतरावे हे जात ठरवते, हा चौथा. पुढची सारी चर्चा या चार दाव्यांना धरून करायला हवी; नाहीतर ती ‘स्नान करावे की नाही’ अशा उथळ प्रश्नावर येऊन थांबते.

आता इतिहासातला अवघड भाग. तिसरे गुरू अमरदास हे गुरुपदावर येण्यापूर्वी वर्षानुवर्षे हरिद्वारची यात्रा करणारे वैष्णव गृहस्थ होते, असे परंपरा सांगते. १५५२ मध्ये ते गुरू झाले आणि त्यांनी गोइंदवालला चौऱ्याऐंशी पायऱ्यांची बाओली, म्हणजे आपल्याकडची बारव, बांधवली. चौथे गुरू रामदास यांनी १५७७ च्या सुमारास अमृतसरचे सरोवर खोदायला घेतले. पाचवे गुरू अर्जन यांनी ते पुरे करून त्याच्या मध्यभागी हरिमंदिर उभारले, १६०४ मध्ये तिथे आदिग्रंथाची स्थापना केली आणि तरनतारनला आणखी एक विस्तीर्ण सरोवर बांधले. ज्यांच्या वाणीत तीर्थस्नानाची निरर्थकता आहे, त्याच गुरूंनी पाण्याची ही स्थाने निर्माण केली. सोरठ रागातल्या गुरू अर्जनांच्या एका रचनेत तर रामदासांच्या सरोवरात न्हाल्याने पापे जातात असा थेट आशय आहे. ती शब्दशः घ्यावी असे एक मत आहे. सरोवर म्हणजे साधुसंगत, आणि तिच्यात न्हाणे म्हणजे गुरूचा शब्द अंगी मुरवणे, असे दुसरे. शीख विद्वानांत हा वाद आजही चालू आहे.

या दोन टोकांमध्ये निवड करण्याआधी बाओली आणि सरोवर यांनी त्या काळात कोणते काम केले ते पाहायला हवे. विखुरलेल्या संगतीला, म्हणजे अनुयायांच्या समुदायाला, एकत्र येण्यासाठी जागा हवी होती. गुरू अमरदासांनी वैशाखी, माघी आणि दिवाळी या लोकांच्या ओळखीच्या सणांना संगतीला गोइंदवालला बोलावले, म्हणजे जुन्या तीर्थांकडे जाणारी पावले तिकडे वळवली. येणाऱ्याने आधी पंगतीत बसून सर्वांबरोबर जेवावे आणि मग गुरूची भेट घ्यावी, हा दंडक होता. जेवण आणि पाणी या दोनच गोष्टींवर जातिव्यवस्थेचा रोजचा व्यवहार उभा होता. कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाच्या पाणवठ्याला शिवायचे नाही, यातून माणसाची पायरी ठरत असे. लंगरने पहिली रेघ पुसली, बाओली आणि सरोवराने दुसरी. सगळ्या जातींची माणसे एकाच पाण्यात उतरली. तिथे मुहूर्त सांगणारा नव्हता आणि संकल्प सोडण्यासाठी दक्षिणा मागणारा नव्हता. सरोवर खोदले तेही संगतीने, डोक्यावर मातीच्या पाट्या वाहून. ते कारसेवेचे रूप आजवर टिकले आहे. १९२३, १९७३ आणि २००४ मध्ये अमृतसरच्या सरोवरातला गाळ हजारो लोकांनी हाताने उपसला. म्हणून माझे मत असे की गुरूंनी नवे तीर्थ स्थापून जुन्या विचाराशी तडजोड केली नाही. वर सांगितलेले चारही दावे ज्याला लागू होत नाहीत असे पाणी त्यांनी लोकांच्या मध्ये आणून ठेवले. त्या पाण्याचे मोल या अटींमुळे होते. अटी सुटल्या की ते इतर तीर्थांसारखेच एक तीर्थ उरते.

आणि अटी सुटत गेल्या, हे इतिहासच सांगतो. अठराव्या शतकात शीखांवर छळाचे दिवस आले, तेव्हा अनेक गुरुद्वारांची व्यवस्था उदासी आणि निर्मळे या पंथांच्या संतांकडे गेली. त्यांनी ती स्थाने जगवली, हे त्यांचे ऋण आहे. पण त्यांची घडण जुन्या शास्त्रांत झाली होती, आणि पुढे महंतांचा कारभार वंशपरंपरेचा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हरिमंदिराच्या परिक्रमेत मूर्ती होत्या. त्या १९०५ मध्ये हलवण्यात आल्या. जातीचे बंधनही परतले होते. दलित शीखांनी आणलेला कडाह प्रसाद पुजारी स्वीकारत नसत. १२ ऑक्टोबर १९२० रोजी नव्याने अमृत घेतलेले दलित शीख प्रसाद घेऊन दरबारसाहिबात, म्हणजे हरिमंदिरात, आले. पुजाऱ्यांनी नकार दिला, वाद झाला, अखेर ग्रंथसाहिबाचा हुकूम घेण्यात आला, म्हणजे ग्रंथ उघडून समोर आलेले पद वाचण्यात आले, आणि तो आलेल्यांच्या बाजूने लागला. गुरुद्वारा सुधारणेच्या लढ्याला इथून वेग आला आणि त्याच वर्षी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली. म्हणजे ज्या स्थानाची उभारणीच जातिभेद मोडण्यासाठी झाली, तिथे जातिभेद मोडायला सव्वातीनशे वर्षांनी पुन्हा लढावे लागले.

साडेसहा वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. १९३६ मध्ये ते अमृतसरला शीख परिषदेत उपस्थित राहिले. धर्मांतराचा विचार करताना शीख धर्माचा पर्याय त्यांच्यासमोर होता आणि मुंबईतल्या खालसा कॉलेजच्या उभारणीशीही तो काळ जोडलेला आहे. शेवटी त्यांनी वेगळा मार्ग निवडला. त्या निर्णयामागे अनेक कारणे होती, ती इथे उलगडण्याची गरज नाही. पण पंजाबच्या अनेक गावांत आजही जातवार वेगळे गुरुद्वारे आणि वेगळ्या स्मशानभूमी आहेत, हे वास्तव विसरता येत नाही. सर्वांनी एका पाण्यात उतरावे, या कल्पनेतून जन्मलेल्या समाजात मेल्यावरही वेगळे राहावे लागत असेल, तर सरोवराच्या स्नानाने आपण नेमके काय धुतले, हे त्या समाजाने स्वतःला विचारायला हवे.

आजचा पहिला धोका सौद्याचा आहे. दरबारसाहिबाच्या परिक्रमेत दुःखभंजनी बेरी नावाचे बोरीचे झाड आहे. तिथल्या पाण्यात बीबी रजनी हिचा कुष्ठरोगी नवरा बरा झाला अशी आख्यायिका आहे, आणि त्या श्रद्धेने आजारी माणसे तिथे स्नान करतात. जवळच अठसठ तीरथ नावाची जागा आहे. तिथे न्हाल्याने अडुसष्ट तीर्थांचे पुण्य मिळते अशी समजूत आहे. गोइंदवालच्या बाओलीच्या प्रत्येक पायरीवर एकदा जपुजी म्हणत चौऱ्याऐंशी वेळा स्नान केले, तर चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, असे मानले जाते. तरनतारनला अमावास्येला स्नानासाठी गर्दी लोटते. जपुजी ही ईश्वराचे हुकूम समजून घेण्याची रचना. तिचे पाठ पायऱ्यांच्या हिशोबाने मोजून मोक्षाची खात्री मिळवायची, ही नानकांनी हरिद्वारला विचारलेल्या प्रश्नाची बरोबर उलटी बाजू आहे. सरोवर शीखांचे आहे एवढ्याने हा दावा वेगळा ठरत नाही.

नियमाच्या पातळीवर शीख धर्माने याची दखल घेतलेली आहे. १९४५ मध्ये प्रबंधक समितीने मान्य केलेल्या रहत मर्यादेत, म्हणजे शीखांच्या आचारसंहितेत, शुभ-अशुभ दिवस, शकुन, ग्रहतारे यांवर विश्वास ठेवू नये असे सांगितले आहे. ग्रंथसाहिबाच्या आसनाखाली पाणी ठेवणे, भिंतींवर किंवा ओट्यांवर नाक घासणे, अखंड पाठाच्या वेळी कलश आणि नारळ मांडणे, या गोष्टी गुरुमताविरुद्ध असल्याचे तिथे स्पष्ट म्हटले आहे. हे नियम लिहावे लागले, कारण हे सारे चालू होते. आणि अनेक ठिकाणी ते अजून चालू आहे. लिखित नियम आहे म्हणून परंपरा सुरक्षित आहे, असे समजण्यात मोठी फसगत आहे. ज्या घरात बाळ तापाने फणफणले आहे, तिथे दवाखान्याआधी तीर्थाच्या पाण्याची बाटली पोहोचते, कारण दवाखाना लांब किंवा महाग असतो. असहाय माणसाच्या श्रद्धेला हसण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्याला खोटी खात्री देणाऱ्यांना मात्र जाब विचारायला हवा.

याच अमृतसरात दुसरा मार्गही दाखवला गेला आहे. भगत पूरणसिंग यांनी एका अपंग, टाकून दिलेल्या मुलाला वर्षानुवर्षे स्वतःच्या पाठीवर वागवले, आणि फाळणीनंतर अमृतसरात पिंगलवाडा उभा केला. आजारी, मतिमंद, बेवारस माणसांचे ते घर आहे. पूरणसिंग दरबारसाहिबाच्या परिसरात पत्रके वाटत आणि त्यांत जंगलतोड, माती, पाणी यांविषयी लिहीत. तरनतारनच्या सरोवराशीही गुरू अर्जनांच्या काळापासून कुष्ठरोग्यांच्या शुश्रूषेची आठवण जोडलेली आहे. रोग्याने पाण्याकडे यावे आणि पाण्याने त्याला बरे करावे, ही एक कल्पना. रोग्याकडे माणसाने जावे आणि त्याची जखम धुवावी, ही दुसरी. गुरूंच्या विचाराशी यातली कोणती जुळते, हे सांगायला पंडित लागत नाही.

दुसरा धोका बाजाराचा आहे. उत्तराखंडातले हेमकुंड साहिब हे सुमारे ४,३०० मीटर उंचीवरचे बर्फाळ तळे. दशमग्रंथातल्या ‘बचित्तर नाटक’ या रचनेत गुरू गोविंदसिंगांनी पूर्वजन्मी सात शिखरांच्या ठिकाणी तप केल्याचे वर्णन येते. त्यावरून ही जागा शोधण्याचे आणि तिथे छोटा गुरुद्वारा बांधण्याचे काम १९३० च्या दशकात झाले. अनेक शीख विद्वानांना ही ओळख आणि मुळात पूर्वजन्मीच्या तपाची कल्पनाच मान्य नाही. इतरांसाठी ते परम आदराचे स्थान आहे. वाद कसाही सुटो. नव्वद वर्षांपूर्वी यात्रेच्या नकाशावर नसलेली जागा आज दरवर्षी लाखो लोकांना खेचते, आणि तिथल्या गोठवणाऱ्या पाण्यात बुडी घेणे हा यात्रेचा मानबिंदू झाला आहे. जून २०१३ च्या महापुरात याच यात्रामार्गावरचे रस्ते-पूल वाहून गेले आणि यात्रेकरू वर अडकले. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने गोविंदघाट ते हेमकुंड अशा १२.४ किलोमीटरच्या रोपवेला मंजुरी दिली. खर्च सुमारे २,७३० कोटी रुपये आणि क्षमता दिवसाला ११,००० प्रवाशांची. शेजारी फुलांची दरी आहे, जागतिक वारसा असलेली. वृद्धांना आणि अपंगांना वर जाता यावे ही इच्छा रास्त आहे. पण वर्षातले जेमतेम साडेचार महिने उघडणाऱ्या, एका छोट्या तळ्याच्या काठावर रोज एवढी माणसे पोहोचवायची, तर त्यांचे मलमूत्र, कचरा आणि निवासाचा भार तो डोंगर कसा सोसणार, याचे उत्तर आधी मिळायला हवे. नानकांनी तीर्थाला विचारलेला प्रश्न आता पर्यटन खात्यालाही विचारावा लागणार आहे.

बाजाराचे दुसरे रूप संगमरवराचे आहे. कारसेवेच्या नावाखाली जुन्या विटांच्या, भित्तिचित्रांच्या इमारती पाडून त्या जागी चकचकीत बांधकामे उभी राहतात. मार्च २०१९ मध्ये तरनतारनची ऐतिहासिक दर्शनी ड्योढी, म्हणजे प्रवेशद्वाराची इमारत, पाडायला सुरुवात झाली. लोकांनी संतापून विरोध केल्यावर ते काम थांबले. गाळ उपसण्याची सेवा आणि इतिहास पुसण्याचे कंत्राट या दोन्हींना एकच नाव मिळते, तेव्हा त्या नावातली नैतिक ताकद संपत जाते.

तिसरा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो: पाण्याची पूजा होत असतानाच प्रत्यक्ष पाणी मरणे. सुलतानपूर लोधीजवळ काली बेईं नदी आहे. नानक या नदीत स्नानाला उतरले, तीन दिवस दिसेनासे झाले आणि बाहेर आले ते ईश्वराचा संदेश घेऊन, अशी परंपरा आहे. शीख धर्माची सुरुवातच एका स्नानाच्या आठवणीशी बांधलेली आहे. ती सुमारे १६० किलोमीटरची नदी विसाव्या शतकाच्या अखेरीस काठावरच्या गावांचे आणि शहरांचे सांडपाणी वाहून नेणारा, जलपर्णीने तुंबलेला नाला झाली होती. गुरुपर्व दरवर्षी होत होते, दिवे लागत होते, आणि नदीत मैला सोडला जात होता. २००० साली संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी कारसेवेने ती साफ करायला घेतली. लोकांनी जलपर्णी हाताने उपटली, घाट बांधले, सांडपाणी वळवून शुद्ध करून शेतीला देण्याची व्यवस्था गावोगाव उभी केली. नदी पुन्हा वाहू लागली. ते काम सोपे नाही आणि संपलेलेही नाही. नदीत सांडपाणी शिरल्याच्या बातम्या मधूनमधून येतच राहतात. तरीही गेल्या पंचवीस वर्षांत नानकांच्या विचाराची इतकी नेमकी समज दुसऱ्या कोणत्या कामात दिसली असेल असे मला वाटत नाही.

कारण पंजाबचे चित्र भीतिदायक आहे. दरवर्षी जमिनीत जेवढे पाणी मुरते, त्याच्या दीडपटीहून अधिक तिथे उपसले जाते. भाताच्या शेतीने आणि फुकट विजेच्या पंपांनी बहुतेक तालुके अतिउपशाच्या यादीत गेले आहेत. लुधियानाचा बुड्ढा दरिया औद्योगिक सांडपाण्याने काळा पडून सतलजला मिळतो. पंजाबच्याच माळवा पट्ट्यात भूजलातल्या युरेनियमबद्दल आणि कर्करोगाबद्दल लोक वर्षानुवर्षे भयभीत आहेत. जपुजीच्या अखेरच्या सलोकात पाण्याला पित्याचे स्थान दिलेले आहे. तो सलोक रोज पहाटे म्हणणाऱ्या समाजाने त्या पित्याचे असे हाल होऊ द्यावेत, यात केवळ पर्यावरणाचे अपयश नाही. पवित्रता एका कुंपण घातलेल्या सरोवरात साठवली की बाहेरच्या पाण्याबद्दलची जबाबदारी संपल्यासारखी वाटते. सरोवराच्या पाण्यासाठी गाळणयंत्रणा बसते आणि शेजारच्या नाल्याकडे कोणी बघत नाही. तीर्थकल्पनेतला हा दोष नानकांना दिसला होता, म्हणून त्यांनी पवित्रता जागेतून सोडवून घेतली.

हे सारे सांगताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. शीखांच्या तीर्थविचाराचा वापर दोन्ही बाजूंनी हत्यारासारखा होतो. काही जण त्यातून इतर धर्मांच्या यात्रेकरूंना हिणवतात. काही जण सरोवरातले स्नान दाखवून शीख धर्माचे वेगळेपणच नाकारतात. दोघेही परंपरेची गुंतागुंत झाकतात. कुंभमेळ्यात आजही उदासीन आणि निर्मळ आखाडे सामील होतात. नांदेडच्या हजूर साहिबला रोज पहाटे गोदावरीचे पाणी गागरीत आणून तख्ताची सेवा होते, दिव्यांची आरती होते. तिथली मर्यादा, म्हणजे आचारपद्धती, अमृतसरहून वेगळी आहे आणि तिचा कारभारही १९५६ च्या स्वतंत्र कायद्याने चालतो. या जुन्या चालीरीती एका फटक्यात चूक ठरवणे सोपे आहे, पण त्याने काही साधत नाही. तसेच, प्रत्येक यात्रा पुण्याच्या हिशोबाने होत नाही. फाळणीत नानकांचे जन्मस्थान ननकाना साहिब आणि करतारपूर सीमेपलीकडे गेले. त्यांच्या दर्शनाची ओढ ही हरवलेल्या घराची ओढ आहे. नानकांनी आयुष्याची शेवटची वर्षे जिथे शेती केली, त्या करतारपूरला नोव्हेंबर २०१९ मध्ये कॉरिडॉरने जाता येऊ लागले, तेव्हा डोळे पुसणाऱ्या म्हाताऱ्यांना मोक्षाचा हिशोब करायचा नव्हता. आठवणीसाठी केलेल्या यात्रेला गुरूंच्या विचारात विरोध सापडत नाही.

नामदेवांनी ज्या नदीचे नाव घेऊन तिच्या स्नानापेक्षा नाम मोठे म्हटले, ती आपल्याच राज्यातून त्र्यंबकेश्वरहून नाशिक, पैठण करत नांदेडला जाते. नाशिकला २०२७ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे. ऑगस्ट २००३ मध्ये तिथल्या चेंगराचेंगरीत ३९ माणसे मेली. २९ जानेवारी २०२५ ला प्रयागराजला मौनी अमावास्येच्या स्नानात सरकारी आकड्यानुसार ३० जण दगावले. एका ठरावीक घटिकेतच पुण्य आहे, असे कोट्यवधींना सांगितले की ती घटिकाच माणसे मारते. मुहूर्ताला दिलेला नानकांचा नकार तत्त्वज्ञानाच्या पुस्तकापुरता नाही. तो ऐकला असता तर ही माणसे कदाचित घरी परतली असती. आणि ज्या गोदावरीत लोक पाप धुवायला उतरणार आहेत, तिच्यात नाशिकपासून नांदेडपर्यंतच्या शहरांचे सांडपाणी मिसळते आहे.

म्हणून कोणत्याही पवित्र पाण्याजवळ गेल्यावर तीन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यायला हवी. या पाण्यात उतरायला कोणाला संकोच वाटतो, आणि का? या श्रद्धेवर कोणाचा धंदा चालतो? आणि हे पाणी या गावाच्या खालच्या अंगाला जाते तेव्हा ते पिण्यासारखे असते का? पहिल्या प्रश्नातून जात कळते, दुसऱ्यातून मध्यस्थ कळतो, तिसऱ्यातून आपल्या भक्तीचा खरेपणा कळतो. शीख परंपरेकडे हे प्रश्न विचारण्यासाठी लागणारी भाषा, ग्रंथ आणि कारसेवेसारखे साधन आहे. आपल्याकडेही नामदेव, एकनाथ, तुकाराम आहेत. तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला गंगेची कावड पाजणाऱ्या नाथांची गोष्ट आपल्या प्रत्येक मुलाला शाळेत ऐकायला मिळते. पण परंपरा असणे आणि ती पाळणे यांत अंतर पडले, तर तेच संत उत्सवमूर्ती होतात आणि त्यांच्या नावाने तेच व्यापार सुरू होतात. अमृतसरात हे घडायला तीन-सव्वातीन शतके लागली. आजच्या रस्त्यांच्या, रोपवेंच्या आणि जाहिरातींच्या वेगात इतका वेळ मिळणार नाही. नाशिक-नांदेडला आणि अमृतसर-सुलतानपूरलाही, पाण्यात उतरण्याआधी पाण्याचे काय झाले आहे हे पाहणे आणि ते सुधारण्यासाठी हात लावणे, हीच यापुढे भक्तीची पहिली अट मानली गेली पाहिजे.